सरळ तेहतीस फूट

मेदूवडा उजव्या डोळ्यासमोर धरून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे एकटक बघणारा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ तुम्ही कधी पाहिला नसेल. आमच्या सोसायटीने पाहिला आहे. सलग तीन रविवार. तो गृहस्थ मी, आणि वडा धरायला लावणारे आमचे सर.

सर आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहत. मुलुंड पूर्वेची जुनी इमारत, चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. एका कॉलेजच्या रायफल क्लबात त्यांनी तीस वर्षं मुलांना नेमबाजी शिकवली. निवृत्तीच्या समारंभात क्लबाने शाल आणि नारळ पुढे केला, तर म्हणाले, शाल राहू द्या, कोपऱ्यातल्या त्या दोन जुन्या एअर रायफली द्या. नारळ मात्र घेतला. काकूंना चटणीला हवा होता.

आता थोडं तंत्र सांगतो, म्हणजे पुढचा वेडेपणा नीट कळेल. रायफलीने नेम धरायच्या दोन तऱ्हा. एक आपली जत्रेतली: मागे खाच, पुढे खुंटी, समोर फुगा. दुसरी पीप साइट. यात डोळ्यापाशी एक चकती असते, चकतीला मोहरीएवढं भोक. नळीच्या टोकाला एक बारीक कडी. भोकातून ती कडी बघायची, कडीत समोरच्या कार्डावरचा काळा ठिपका बसवायचा. गोलात गोल, त्या गोलात आणखी एक गोल. तिन्ही गोल एकात एक बसले की श्वास रोखून चाप दाबायचा. झालं.

सर पीपचे निस्सीम भक्त. खाच-खुंटीवाल्यांना ते 'फुगेवाले' म्हणत. इमारतीतल्या कुणाबद्दल त्यांचं मत वाईट झालं की तो माणूस फुगेवाला ठरे. आमचे सेक्रेटरी फुगेवाले होते, पाणीखात्याचा माणूस फुगेवाला होता, आणि दोन्ही जावई तर लग्नाच्या बैठकीतच फुगेवाले ठरले होते.

पण भक्ती रायफलीपुरती राहिली असती तर मी आज लिहायला बसलो नसतो. सरांनी चष्म्याच्या उजव्या काचेवर काळा पुठ्ठा चिकटवला होता आणि त्याला तापल्या सुईने भोक पाडलं होतं. डाव्या काचेवर पांढरा बटर पेपर. काळा का नाही, असं विचारलं की ते व्याख्यान देत: एक डोळा पूर्ण अंधारात ठेवला तर दुसरा घाबरतो, म्हणून त्याला उजेड द्यायचा, फक्त काम द्यायचं नाही. हा चष्मा लावून ते बाजारात जात. पापलेटाच्या डोळ्यात भोकातून डोकावून बघत. कोळीण म्हणायची, "काका, एका डोल्याने बगताव, मंग येकाच बाजूचा म्हावरा देऊ काय?" सर शांतपणे दुसरं पापलेट उचलत. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या घरी कधी शिळी मासळी शिजली नाही.

त्यांची काही वचनं होती. 'भोकाकडे बघू नका, भोकातून बघा' हे पहिलं. दुसरं ऐकायला विचित्र वाटे: 'लक्ष्य धूसरच दिसलं पाहिजे.' म्हणजे असं की नजर पुढच्या कडीवर ठेवायची, कडी स्वच्छ दिसली पाहिजे. ज्याला लक्ष्य बघायचा मोह होतो त्याची कडी हलते आणि छर्रा भलतीकडे जातो. हे त्यांनी आयुष्यालाही लावलं होतं. मुलींच्या लग्नात मांडव, जेवण, वऱ्हाड काही बघितलं नाही, फक्त मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाट सरळ धरलाय की नाही ते बघत राहिले. तिसरं, उजेड कमी असेल तर भोक मोठं करावं. त्यांच्याकडे फिरती चकती होती, लहान-मोठ्या पाच भोकांची. सासरचे पाहुणे यायचे असले की सकाळीच काकूंना विचारत, "आज कितीचं भोक लावू?"

घराची गोष्ट राहिलीच. एअर रायफलीचं अंतर दहा मीटर. मुंबईत तळमजल्याच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याशा घरात दहा मीटर कुठून आणायचे? सरांनी आणले. स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून उभं राहिलं की समोर हॉल, हॉलपलीकडे झोपायच्या खोलीचं दार आणि त्या खोलीत पलीकडच्या भिंतीला लोखंडी कपाट. सरळ रेषा. मोजली तर दहा मीटर आणि वर चार बोटं. सरांनी झोपायच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं, कपाटावर जाड फळी ठोकली, फळीवर वीतभर अंतराने दोन कार्डं लावायची सोय केली आणि फ्रिजपुढच्या लादीवर लाल तैलरंगाची रेघ ओढली. झाली रेंज. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून खुशाल मारावं.

पंखा चालू झाला तर कार्डं फडफडत, म्हणून पंखा बंद. हॉलमध्ये दोरीवर लाल टॉवेल लटकला की कोणी रेषा ओलांडायची नाही. काकू चहाचा ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभ्या राहत आणि टॉवेल उतरायची वाट बघत. चहा बऱ्याचदा गारच प्यावा लागे. बाथरूमचं दार रेषेवरच उघडायचं, त्यामुळे आत एक घंटा टांगली होती. एकदा सरांचे साडू आत गेले आणि बाहेर साठ छर्ऱ्यांची मालिका सुरू झाली. साडूंनी घंटा वाजवली. सरांनी बाहेरून आत ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, मालिका मध्ये तोडत नाहीत. साडू त्यानंतर आले की आधी स्टेशनजवळ सगळं उरकून येत. आणि गॅस सिलिंडरवाला पठ्ठ्या तर दारातूनच ओरडायचा, "लाइन क्लिअर?" इमारतीत इतर कोणाकडे तो साधी बेलसुद्धा वाजवत नसे, दार बडवायचा.

हे सगळं मजेत चाललं असतं, पण सोसायटी पुनर्विकासाला निघाली.

मुंबईच्या उपनगरात जुन्या इमारतीला पुनर्विकास म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. बिल्डर आला. मोठी घरं, दोन लिफ्ट, दोन बाथरूम, गच्चीवर बाग. पंधरा जणांनी पेढे खाऊन संमतिपत्रावर सह्या केल्या. सरांनी पेढा खाल्ला आणि नकाशा मागितला. जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून, भोकाच्या चष्म्याने त्यांनी तो तासभर पाहिला. मग स्टीलची पट्टी लावली आणि आर्किटेक्टला म्हणाले, "या घरात सगळ्यात लांब सरळ रेषा सहा मीटर ऐंशी आहे."

आर्किटेक्ट तरुण होता. त्याने कौतुकाने सांगितलं, की सर, क्षेत्रफळ बघा ना, तुम्हाला दीडशे चौरस फूट जास्त मिळतायत.

"मला चौरस फूट नकोत," सर म्हणाले. "सरळ तेहतीस फूट द्या."

आर्किटेक्टने प्रामाणिक प्रयत्न केले, हे मान्य केलं पाहिजे. बाल्कनीच्या कोपऱ्यापासून मुख्य दारापर्यंत तिरकी रेषा काढली, तर मध्ये मास्टर बेडरूमचा कमोड आला. बिल्डरने दोन मोटारींची एकापुढे एक जागा देऊ केली, की तिथे मारा. सरांनी विचारलं, वाऱ्याचं काय? बिल्डरने कमिटीला सांगून टाकलं, सोळाच्या सोळा सह्या झाल्याशिवाय मी कुदळ लावणार नाही.

माझी आई तेव्हा चौथ्या मजल्यावर होती. म्हणजे आम्ही सगळेच होतो, पण आम्ही खाली जाऊन येत होतो. आईचे दोन्ही गुडघे गेले होते. जिने उतरणं बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. गॅलरीत खुर्ची टाकून ती खालच्या भाजीवालीशी ओरडून भाव करायची आणि पिशवी दोरीने वर ओढून घ्यायची. तिला नवं घर नको होतं, गच्चीवरची बाग नको होती. तिला लिफ्ट हवी होती. म्हणून सरांची सही मला हवी होती, बाकीच्यांहून अंमळ जास्तच.

सेक्रेटरींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तू औषधांच्या कंपनीत आयुष्यभर डॉक्टरांना नको असलेल्या गोळ्या विकल्यास, तुला एक सही आणता येत नाही? तू त्यांचा शिष्य हो. आत शिर. पोटात शिरून सही काढ.

मी शिष्य झालो. रविवारी सकाळी दारात उभा राहिलो, तर सरांनी माझ्याकडे भोकातून बघितलं, लाल टॉवेल काढला आणि आत घेतलं. रायफल दिली नाही. आधी बघायला शिक म्हणाले. काकूंनी नाश्त्याला मेदूवडे केले होते. सरांनी त्यातला एक उचलला, हे पहिलं पीप, मोठ्या भोकाचं, म्हणून माझ्या हातात दिला आणि गच्चीवर पिटाळलं. वड्याच्या मधोमध टाकी बसली पाहिजे, वड्याची कड बघायची नाही. चौथ्या मजल्यावरून आई विचारायची, झिला, खातंस कित्याक नाय तो? सेक्रेटरी सोसायटीच्या ग्रुपवर विचारत, सही? मी उत्तर टाकायचो, अजून वडाच.

तीन रविवारांनी काकूंची अंगठी, मग शर्टाचं बटण, आणि दोन महिन्यांनी एकदाची रायफल. तोवर माझं काहीतरी बिघडलं होतं. मला ते आवडायला लागलं होतं. त्या भोकातून बघितलं की कपाट नाही, खोली नाही, ऑफिस नाही, बिल्डर नाही. एक कडी आणि तिच्यात तरंगणारा काळा ठिपका. शेजारी सर लाल रेघेवर उभे, हलके श्वास घेत. मी सहीचा विषय काढायचा ठरवून जायचो आणि छर्रे मोजून परत यायचो. "अरे यार, तू काय ऑलिम्पिकला चाललायस का?" सेक्रेटरी म्हणाले. "सही आण ना."

मग आईच्या एका गुडघ्यात पाणी झालं. हॉस्पिटलला नेणं भाग होतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी तिला उचललं आणि दर जिन्याला थांबत, भिंतींना खुर्ची घासत, अर्ध्या तासाने तळमजल्याला पोचलो. सर दारात उभे होते. तोच चष्मा, तेच भोक. आईने खुर्ची खाली ठेवायला लावली.

"मास्तरानू," ती म्हणाली, "तुमच्या त्या भोकातसून माझो गुडघो दिसता काय, बघा जरा."

सर आत गेले.

त्या संध्याकाळी, आईला तसंच उचलून वर आणल्यावर, आमची बेल वाजली. सर. चार मजले चढून आले होते. अनेक वर्षांत पहिल्यांदा. दारातच कठड्याला धरून ते पाच मिनिटं उभे राहिले, मग पाणी प्यायले. चष्मा काढून खिशात ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि जरा बिचारे दिसत, हे मला तेव्हा कळलं. आईच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"रविवारी सामना," ते मला म्हणाले. "दहा-दहा छर्रे. माझ्याहून एक गुण जास्त काढलास तर सही करतो."

"आणि नाय काढल्यान तर?" आईने विचारलं.

"तर नाही."

"मग येवढे जिने चढान इलात कित्याक?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते उतरून गेले.

आता गणित असं, की सर शंभरपैकी पंच्याण्णवच्या खाली कधी येत नसत आणि मी सत्तरीला पोचलो की काकू शिरा करत. सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला. म्हणाले, वाट लागली, सही गेली. ग्रुपवर कोणीतरी मला शुभेच्छा दिल्या, त्या शोकसंदेशासारख्या वाटल्या.

रविवारी अख्खी इमारत सरांच्या हॉलमध्ये होती. भिंतींना टेकून, स्टुलांवर, सोफ्याच्या पाठीवर. टॉवेल लटकला. मी नेहमीच्या सवयीने उजव्या बाजूला उभा राहायला गेलो, कारण शिष्याची जागा उजवी. डावी जागा सरांची. तिथे खिडकीचा उजेड बरोबर मागून येतो, लादी सपाट आहे आणि पंधरा वर्षांत त्यांच्या टाचांनी तिथली रेघ फिकी झाली होती. सरांनी माझा दंड धरून मला डावीकडे सरकवलं. "आज तू पाहुणा आहेस," म्हणाले, "चांगली जागा पाहुण्याची." आणि स्वतः उजवीकडे गेले.

मी दहा छर्रे मारले. कसे मारले ते विचारू नका. चौथ्याला आई आठवली आणि लक्ष्य एकदम स्वच्छ दिसलं, म्हणजे नेम गेला. सातव्यापासून जरा गोल जमले. शेजारी सर घड्याळासारखे मारत होते. टक. श्वास. टक. त्यांचा दहावा झाला, माझा दहावा झाला, सर्वांनी रोखून धरलेले श्वास सोडले आणि टॉवेल उतरला.

सर आणि मी कपाटापाशी गेलो.

उजवं कार्ड, सरांचं, कोरं होतं. इतकं कोरं, की दुकानात परत केलं असतं तर घेतलं असतं. डाव्या कार्डावर, माझ्या, वीस भोकं होती. मधोमध दहांचा एक घट्ट झुबका, आणि भोवती दहा इकडे तिकडे, एक तर अगदी कडेला, पळून जायच्या बेतात.

एकच क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग मला कळलं, सरांना माझ्या आधी कळलं. भोकातून बघताना एकच काळा ठिपका दिसतो, आणि सगळे ठिपके सारखेच. पाय उजवीकडे उभे होते, पण पंधरा वर्षांची मान, खांदा आणि कंबर नेहमीच्या डाव्या कार्डाकडे वळली होती. शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारणं याला नेमबाज क्रॉस फायर म्हणतात. पहिल्या महिन्यातली पोरं करतात. त्यांना सर मैदानाला फेऱ्या मारायला लावत.

सरांनी नियमांचं पुस्तक आणलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. उभ्या उभ्या पान काढलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. शेजारच्या लक्ष्यावर मारलेले छर्रे शून्य. ज्याच्या लक्ष्यावर ते पडले त्याचे कोणते, हे ओळखता येत नसेल, तर त्यातले सर्वांत चांगले दहा त्याचे धरावेत.

"सर," मी म्हणालो, "ओळखता येतात. मधले तुमचे आहेत." हे म्हणताना सेक्रेटरींनी मागून माझ्या पाठीला असा चिमटा काढला की त्याचा वळ आठवडाभर होता.

"भोकावर कोणाचं नाव नसतं," सर म्हणाले. पेन्सिल कानावरून काढली आणि लिहिलं. मी अठ्ठ्याण्णव. ते शून्य. सांगायला बरं वाटत नाही, पण चौथा मजला माझ्या डोळ्यांपुढे होता आणि तोंड बंद राहिलं.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. काकूंनी टाळी वाजवली नाही. त्या सरांकडे बघत होत्या आणि सर फ्रिजपुढच्या रेघेकडे.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण सेक्रेटरींनी घोळ घातला. रात्रीच्या आत ग्रुपवर त्यांचा संदेश आला, की आमचे सर मोठ्या मनाने, समाजासाठी, स्वतःहून हरले. खाली बावीस हात जोडलेले. कोणी फुलांचा गुच्छ टाकला. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. इतका पक्का माणूस असा चुकेल कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या फळ्यावर दोन्ही कार्डं टाचणीने लावलेली होती आणि खाली सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, काल माझे दहाही छर्रे शेजारच्या लक्ष्यावर गेले. हे चुकून झाले. मुद्दाम केले असे ज्याचे म्हणणे असेल त्याने समक्ष येऊन बोलावे.'

मी समक्ष गेलो. सर संतापाने लाल झाले होते. म्हणाले, पन्नास वर्षांत मी एक छर्रा मुद्दाम चुकवलेला नाही. हरलो तर हरलो म्हणा, चुकलो तर चुकलो म्हणा, दानशूर म्हणाल तर ती सही मी करणार नाही. आता सहीचा प्रश्न पुन्हा लटकला. सेक्रेटरींना खाली बोलावलं. बिचाऱ्यांनी ग्रुपवर दुसरा संदेश टाकला: 'सर मोठ्या मनाने हरलेले नाहीत. सर साफ चुकलेले आहेत. गैरसमजाबद्दल क्षमस्व.' बावीस जणांनी यालाही हात जोडले. तेव्हा सर नोंदणीला यायला तयार झाले.

नोंदणी कार्यालयात ते सगळ्यांत शेवटी टेबलापाशी गेले. सही केली, अंगठा दिला, आणि कोणी काही म्हणायच्या आत सहीशेजारी मोकळ्या जागेत नीट अक्षरात कारण लिहिलं: 'क्रॉस फायरमुळे.' बिल्डरच्या वकिलाचा चेहरा उतरला. टेबलामागच्या साहेबांनी चष्मा वर करून ते वाचलं. मग आमच्या सोळा जणांकडे पाहिलं. विचारलं, तुमच्या सोसायटीत गोळीबार झालाय काय? सेक्रेटरी घाईघाईने खेळाचं, कार्डांचं, कपाटाचं सांगू लागले, आणि जितकं सांगावं तितकं ते पोलीस केससारखं वाटू लागलं.

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि थेट सरांना विचारलं, "कोणी जखमी?"

सरांनी आपल्याच सहीकडे पाहिलं.

"एक," ते म्हणाले. "पण त्याची तक्रार नाही."